‘टायरन्ट’ म्हणजे जुलमीच का? ग्रीक ‘तुरान्नोस’साठी मराठी शब्द

विचारणा

अथेन्सच्या इतिहासावर एका छोट्या अभ्यासवर्गासाठी मराठीत टिपणं काढते आहे. इ.स.पू. सहाव्या शतकातला अथेन्सचा सत्ताधीश पिसिस्ट्रॅटस याच्यापाशी येऊन अडले. इंग्रजी पुस्तकं त्याला ‘टायरन्ट’ म्हणतात आणि कोशात पाहावं तर जुलमी, अत्याचारी, जालीम. तसं लिहिलं की पुढच्याच ओळीत पंचाईत होते, कारण हा ‘जुलमी’ गरीब शेतकऱ्यांना कर्ज देतो आणि असलेली पदं-कायदे न मोडता कारभार नीट चालवतो. पदं-कायदे न मोडल्याचं तर ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच सांगतो. पुढे अथेन्समधले लोक त्याच्या काळाला ‘क्रोनसचं युग’ म्हणत, म्हणजे आपण सत्ययुग म्हणतो तसं. मग शब्द बदलू का? ‘हुकूमशहा’ चालेल?

प्रतिसाद

‘हुकूमशहा’ नको. तो शब्द आपण ‘डिक्टेटर’साठी वापरतो, आणि मुळातला रोमन डिक्टेटर हा संकटकाळात रीतसर नेमलेला अधिकारी होता, सहा महिन्यांच्या मुदतीचा. तुरान्नोसला कोणी नेमलेलं नसतं, हीच तर त्याची ओळख.

शब्द बहुधा ग्रीकांचा स्वतःचा नव्हे, आशिया मायनरकडून आलेला. इ.स.पू. सातव्या शतकातला कवी आर्किलोकस तिथल्याच लिडियाचा राजा गायगिस याच्या संदर्भात तो वापरतो: त्याच्या सोन्याची मला असूया नाही, मोठ्या ‘तुरान्निस’ची (तुरान्नोसच्या सत्तेची) हाव नाही. हाव नाही असं सांगावं लागतं, म्हणजे ती गोष्ट लोकांना हवीहवीशी वाटत होती. त्या काळी तुरान्नोस म्हणजे वारसाहक्क किंवा कायदा यांच्या आधाराशिवाय, स्वतःच्या जोरावर नगराचा धनी झालेला माणूस. पुढे तो चांगला वागला की वाईट, याबद्दल शब्द काहीच बोलत नाही.

आपली अडचण इथेच आहे. सत्ता कशी मिळवली हा एक प्रश्न आणि ती कशी वापरली हा दुसरा. जुलमी, जालीम, अत्याचारी हे सगळे शब्द दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतात. ग्रीक शब्द पहिल्याचं देत होता.

आणि सत्ता मिळवायच्या रीती पिसिस्ट्रॅटसकडून शिकाव्यात! पहिल्यांदा स्वतःला जखमा करून घेतल्या, शत्रूंनी हल्ला केला असं सांगत चौकात आला, नागरिकांच्या सभेकडून सोटेधारी रक्षक मिळवले आणि त्यांच्याच बळावर ॲक्रोपोलिस हा नगराचा बालेकिल्ला ताब्यात घेतला. हाकलला गेला. दुसऱ्यांदा फिये नावाच्या सहा फुटांच्या आसपास उंचीच्या बाईला चिलखत घालून रथात उभं केलं आणि साक्षात अथेना देवी मला परत आणते आहे अशी दवंडी पिटवली. पुन्हा हाकलला गेला. तिसऱ्यांदा थ्रेसकडची चांदी आणि भाडोत्री सैन्य घेऊन आला, इ.स.पू. ५४६ च्या सुमारास पॅलेनीची लढाई जिंकला आणि ५२७ मध्ये मरेपर्यंत हटला नाही.

याच माणसाची अथेन्सजवळच्या हिमेटस डोंगरावरची गोष्टही टिपणात घ्याच. खडकाळ तुकडा खणणाऱ्या एका शेतकऱ्याला त्याने विचारवलं, काय पिकतं इथे? तो म्हणाला, दुखणी आणि कळा. त्यांचाही दहावा हिस्सा पिसिस्ट्रॅटसला द्यायचा. समोर कोण उभं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. पिसिस्ट्रॅटसने त्याचे सगळे कर माफ केले. ही गोष्ट ‘जुलमी’ या शब्दाच्या शेजारी ठेवून बघा, बसत नाही.

प्रतिसाद

‘पुंड’ कसा वाटतो? बखरींत मध्यवर्ती सत्तेला न जुमानता स्वतःच्या बळावर मुलूख धरणाऱ्याला पुंड म्हणत, पुंडावा करणं म्हणत. त्यात वारसाहक्काचा अभाव येतो आणि ‘बळ’ही येतं. शिवाय आज त्याचा अर्थ दांडगट असा उतरला आहे, तुरान्नोसचाही असाच उतरला.

प्रतिसाद (‘हुकूमशहा’ नको म्हणणाऱ्या पहिल्या लेखकाचा)

शब्द मनापासून आवडला, पण एक अडचण आहे. पुंड मुलखाच्या कडेला बसून मोठ्या सत्तेला त्रास देतो. तुरान्नोस थेट मधल्या आसनावर जाऊन बसतो. कोरिंथच्या किप्सेलोसने बाकियाडी घराण्याची सत्ता उलथून स्वतःची बसवली, आणि ॲरिस्टॉटलच्या म्हणण्याप्रमाणे तो अंगरक्षकांशिवाय राज्य करत असे. त्याला पुंड म्हणवत नाही.

मला वाटतं, एकच नाम शोधण्याच्या मागे लागू नये. मराठीचं बळ इथे क्रियापदात आहे: सत्ता बळकावणं, गादी बळकावणं. त्यात हक्क नव्हता हे येतं आणि पुढचा कारभार कसा झाला ते मोकळं राहतं. संज्ञा म्हणून ‘तुरान्नोस’ ठेवा, पहिल्या वेळी अर्थ सांगा.

अर्थ कडवट कधी झाला तेही लिहा. इ.स.पू. ५१४ मध्ये पॅनाथेनिया या अथेना देवीच्या उत्सवात हार्मोडियस आणि ॲरिस्टोगायटन यांनी पिसिस्ट्रॅटसचा मुलगा हिप्पार्कस याला मारलं. इतिहासकार थ्युसिडिडीस खमकेपणाने सांगतो की यामागे प्रेमप्रकरणातला अपमान होता. पण त्यानंतर हिप्पार्कसचा भाऊ, बापानंतर सत्तेवर आलेला हिप्पियस, खरोखरच क्रूर झाला. ५१० मध्ये स्पार्टाच्या मदतीने त्याला हाकललं, तर ४९० मध्ये म्हातारा हिप्पियस इराणी सैन्याला वाट दाखवत मॅरेथॉनला उतरला. तिथे जोराच्या खोकल्याने त्याचा दात वाळूत पडला आणि सापडेना. या भूमीतला माझा वाटा त्या दातानेच घेतला, असं तो म्हणाला. परकी फौज घरात आणणाऱ्याचं नाव ज्या शब्दाला चिकटलं, तो शब्द अथेन्समध्ये पुन्हा निर्मळ कसा राहणार?

प्रतिसाद

सॉफक्लीसच्या नाटकाचं काय? ग्रीक नावात ‘तुरान्नोस’ आहे. पु. ल. देशपांड्यांनी ते मराठीत ‘राजा ओयदिपौस’ म्हणून आणलं.

प्रतिसाद

रंगभूमीसाठी ‘राजा’ योग्यच. शोकांतिकांत हा शब्द नुसता ‘राजा’ या अर्थीही येतो. पण इथे मला त्याची जुनी धार जाणवते. थीब्जचे लोक ओयदिपौसला कोडं सोडवून सिंहासन मिळवलेला परका समजतात. नाटक संपेपर्यंत कळतं की तो आधीच्या राजाचा सख्खा मुलगा, म्हणजे हक्काचा वारस. तुरान्नोस नव्हता हे सिद्ध होतं त्याच क्षणी त्याचं सगळं उद्ध्वस्त होतं. ‘राजा’ म्हटलं की हे आपल्या हातून निसटतं. टिपणात एक ओळ द्याच.

विचारणा करणारी

खूप आभार. वाक्य असं केलं: ‘इ.स.पू. ५४६ च्या सुमारास पिसिस्ट्रॅटसने तिसऱ्यांदा सत्ता बळकावली आणि चांगली राबवली.’ पुढच्या शतकातला अथेन्सचा नेता पेरिक्लीस अथेन्सकरांना सांगतो की तुमचं साम्राज्य आता तुरान्निससारखं आहे, घेणं अन्याय्य असेल पण सोडणं धोक्याचं. तिथेही ‘बळकावलेली सत्ता’ नेमकं बसलं. आता शेवटचं: अथेन्स स्पार्टाविरुद्धचं पेलोपोनेशियन युद्ध हरल्यावर तिथे सत्तेवर आलेले तीस जण, म्हणजे ‘तीस टायरन्ट’, त्यांना काय म्हणू?

प्रतिसाद

त्या काळचे लोक त्यांना नुसतं ‘ते तीस’ म्हणत, टायरन्ट हे बिरुद नंतरचं. स्पार्टाच्या पाठबळावर इ.स.पू. ४०४ ते ४०३ असे जेमतेम आठ महिने ते टिकले आणि तेवढ्यात किमान पंधराशे माणसं मारली. तिथे बिनदिक्कत ‘जुलमी’ लिहा.