पावसात रोज सायकल, आणि सकाळी चेन नारिंगी. काय चुकतंय?

दादर_ते_फोर्ट

रोज दादर ते फोर्ट, जाऊन-येऊन साधारण २० किमी. परतताना मरीन ड्राइव्हवरून. हायब्रिड सायकल आहे, अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, मागे ८ स्पीड, व्ही-ब्रेक, दोन्ही मडगार्ड. रात्री जिन्याखाली उभी असते. पाइप लावून धुणं शक्य नाही, नळाला पाणी सकाळी तासभरच. फार तर एक बादली मिळते.

घरी आल्या आल्या चेनला तेल घालतो, तरी सकाळी तिच्यावर नारिंगी थर असतो. ब्रेक दाबला की करकर आवाज, आणि रिमला काळं कीट. शिवाय गिअर मोठ्या चक्राकडे नीट चढतो, पण लहान चक्राकडे उतरायला अडतो. रोज किमान काय करायलाच हवं आणि कोणतं तेल घ्यावं?

चेन_आणि_चिंधी

तुम्ही तेल ओल्या चेनवर घालताय, घोळ तिथेच आहे. पाणी आधीच रोलरच्या (कड्यांमधल्या फिरत्या नळ्यांच्या) आत आणि पिनांपाशी शिरलेलं असतं. वरून घातलेलं तेल आत न जाता पाण्यावर बसतं आणि पाणी आतच अडकतं. जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, त्यात तुमचा जिना बंद. ती चेन रात्रभरात आपोआप वाळणार नाही, ती वाळवावी लागते.

रोजचं काम दहा मिनिटांचं आहे. दोन मग साधं पाणी चेनवरून आणि मागच्या चक्रांवरून हळू ओता, चिखल निघून जाऊ दे. मग सुती फडक्यात चेन चिमटीत धरा आणि पेडल उलटं फिरवत राहा. फडकं दोनदा बदला. जुना सुती बनियन यासाठी उत्तम, सिंथेटिक कापड पाणी टिपत नाही. त्यानंतर सायकल अर्धा तास पंख्याखाली. जिन्याखाली पंखा नसेल तर तेवढा वेळ दारात आणा, यात हयगय नको.

आता तेल. चेन कोरडी झाल्यावर खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एक थेंब. ८ स्पीडच्या चेनला साधारण ११० ते ११६ कड्या असतात, म्हणजे सगळं मिळून जेमतेम ५ मिली. एक जोडकडी खूण म्हणून धरा, तिथून सुरू करून तिथेच संपवा. पेडल २०-३० वेळा उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि मग बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. बोट लावल्यावर बोट जेमतेम काळं व्हावं, इतकंच बाहेर राहायला हवं. तेलाचं काम आत आहे. बाहेर राहिलेल्या तेलाला रस्त्याची बारीक रेती चिकटते आणि तीच चेन झिजवते.

पावसाळ्यात ‘वेट’ लिहिलेलं चेन ल्यूब घ्या. ‘ड्राय’ पहिल्याच सरीत धुऊन जातं. शिलाई मशीनचं तेल फार पातळ, एका फेरीत संपतं. खोबरेल तर नकोच, ते चिकट होऊन बसतं. भर पावसात भिजलात की त्या दिवशी तेल हवंच. नुसता ओला रस्ता असेल तर पुसणं पुरे, तेल तीन-चार दिवसांनी.

रिम_ब्रेकवाला

ब्रेकची करकर म्हणजे पॅडच्या रबरात रुतलेली रेती. खड्डे भरायला टाकलेली खडी भरडून तिचा जो गाळ होतो, तो ओल्या रिमवर बसतो आणि पॅड त्याला सँडपेपरसारखा रिमवर घासतो. ते काळं कीट म्हणजे रबर आणि तुमच्या रिमचं अ‍ॅल्युमिनियम, दोन्ही.

आठवड्यातून एकदा चाक काढा आणि पॅड उजेडात तिरके धरून बघा. रबरात चमचमणारे ठिपके दिसतील. ते रिमचेच कण आहेत, सुईने किंवा टाचणीने उकरून काढा. मग पॅडवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चार-पाच वेळा फिरवा, वरचा चकचकीत थर जाईल. रिम भांडी घासायच्या साबणाने धुऊन कोरडी करा. रिमवर तेलाचा थेंबही जाता कामा नये, म्हणून चेनला तेल घालताना मागच्या चाकावर कागद आडवा धरा.

पॅडवरच्या खाचा झिजून नाहीशा झाल्या की पॅड बदला. रिमच्या कडेला झीज दाखवणारी बारीक चर किंवा ठिपका असतो. तो दिसेनासा झाला की रिम संपली. अशी रिम हवेच्या दाबाने फाटू शकते, तिथे काटकसर नको. आणि ओल्या रिमवर पहिला वेढा दोन वेढा पॅड फक्त पाणी पुसतात, पकड त्यानंतर येते. सिग्नलला ब्रेक आधीपासून हलका लावत या.

केबल_पुराण

मोठ्या चक्राकडे केबल हाताने ओढली जाते, लहानाकडे फक्त डिरेलरची (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाची) स्प्रिंग ओढते. आउटरमध्ये, म्हणजे केबलच्या बाहेरच्या नळीत, पाणी आणि गाळ गेला की स्प्रिंगला ते जड जातं. तुमचं लक्षण तंतोतंत तेच आहे. मागच्या डिरेलरपाशी आउटरचा जो वळसा असतो तो सगळ्यात खाली येतो, पाणी तिथेच साठतं. गिअर सगळ्यात मोठ्या चक्रावर टाका, चाक न फिरवता शिफ्टर सगळ्यात लहानावर आणा. केबल सैल होईल, आउटर खाचेतून बाहेर निघेल. इनर, म्हणजे आतली तार, पुसा, एक थेंब पातळ तेल, परत बसवा. तरी अडत असेल तर तो शेवटचा आउटरचा तुकडा बदला. गिअरचं आउटर ४ मिमीचं मागा, ब्रेकचं ५ मिमीचं देतील तर घेऊ नका. इनर स्टेनलेसची घ्या.

दादर_ते_फोर्ट

केबल मोकळी केली, गिअर सुटला. धन्यवाद. दोन शंका. डब्ल्यूडी-४० मारलं तर चालेल का? आणि पेडलवर जोर दिला की दर फेरीला एकदा ‘टक’ होतं.

चेन_आणि_चिंधी

चालेल, पण तेल म्हणून नाही. त्याच्या नावातला ‘डब्ल्यूडी’ म्हणजेच पाणी हटवणं. धुतल्यावर फडक्यावर मारून चेन त्या फडक्यातून फिरवा, आतलं पाणी लवकर निघतं. मग कोरडं पुसून वेट ल्यूब. नुसतं तेच मारत राहिलात तर आतलं जाड तेल धुतलं जाईल आणि चेन आठवड्यात किरकिरेल. हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) किंवा बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पेडलच्या आसाच्या बेअरिंगच्या) सीलवर सरळ फवारा मारू नका. डिस्क ब्रेकवाल्यांनी तर चाकाच्या आसपासही फवारू नये. रोटरला, म्हणजे ब्रेकच्या चकतीला, फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोल.

चेनची झीजही मोजून घ्या, पावसाळ्यात ती झपाट्याने होते. स्टीलची पट्टी पिनेच्या मध्यावर लावून १२ इंच मोजा. नव्या चेनची पिन बरोबर १२ वर येते. १/१६ इंच पुढे गेली की नवी चेन घ्या. १/८ पर्यंत थांबलात तर मागची चक्रंही बदलावी लागतील.

बीबी_बेअरिंग

‘टक’साठी आधी पेडल काढा. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. इथे बरेच जण उलटा जोर लावून आटे घालवतात. १५ मिमीचा चपटा पाना लागेल, काही पेडलना मागून ६ किंवा ८ मिमीची अ‍ॅलन की. आटे पुसून ग्रीस लावून घट्ट करा. अर्ध्या वेळा आवाज एवढ्यानेच जातो. राहिला तर क्रँक (पेडलचा दांडा) धरून आडवा हलवा. खुळखुळ जाणवली तर बीबीत पाणी गेलंय.

पाणी तिथे वरून येतं, सीट पोस्टच्या (सीटच्या दांड्याच्या) फटीतून. मागच्या चाकाने उडालेलं पाणी नेमकं सीटच्या खाली आदळतं. पंधरा दिवसांनी एकदा पोस्टवर उंचीची खूण म्हणून टेप लावा, पोस्ट काढा आणि सायकल उलटी करा. अर्धा कप पाणी निघालं तरी दचकू नका. तासभर उलटीच ठेवा. बीबीच्या खोक्याखाली बारीक भोक असतं, चिखलाने बुजलेलं असेल तर सुईने मोकळं करा. पोस्टला पातळ ग्रीस लावून परत बसवा. कार्बनची असेल तर ग्रीस नाही, कार्बन पेस्ट. स्टीलच्या फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमची पोस्ट असेल आणि ग्रीस नसेल, तर खाऱ्या पाण्याने दोन्ही धातू एकमेकांना असे धरतात की पुढे पोस्ट कापूनच काढावी लागते.

मरीन ड्राइव्हचं वेगळं सांगतो. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीला कठड्यावरून जे अंगावर येतं ते पावसाचं पाणी नाही. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे वरवर कोरडी दिसणारी सायकलही रात्रभर गंजत राहते. त्या दिवशी तुमची एक बादली पूर्ण वापरा, स्पंजने, वरून खाली. आऱ्यांची निपलं (रिमकडच्या टोकाच्या चकत्या-नट), स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बोल्ट आणि ब्रेकच्या स्प्रिंगा विसरू नका. स्कूटर धुण्याच्या सेंटरवर मात्र नेऊ नका. तिथला जोराचा फवारा सील ओलांडून बेअरिंगमध्ये शिरतो.

ऑक्टोबरात हब उघडून घ्या. ग्रीस ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी गेलं होतं. सगळं पुसून नवं भरा, गोळ्यांवर खड्डे दिसले तर त्याही बदला. दोन-चार नव्हे, एका बाजूच्या सगळ्या.