मदत हवी आहे : चिंतेवरची गोळी सुटली, पण शरीर अजून सावरलेले नाही

नमस्कार. मी कोथरूडला राहतो, वय ४६. चिंताविकारासाठी ६ वर्षे रोज रात्री क्लोनाझेपॅम घेत होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिची मात्रा ११ महिन्यांत टप्प्याटप्प्याने उतरवली आणि गोळी पूर्ण बंद होऊन आता १४ आठवडे झाले आहेत.

मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम ही गोळी वाढवते, आणि वर्षानुवर्षे तिची सवय झालेल्या मज्जासंस्थेला पूर्ववत होण्यास काही जणांच्या बाबतीत अनेक महिने लागतात, हे डॉक्टरांनी समजावले आहे. तरीही पहाटे ३ वाजता छातीत धडधडून जाग येते, कानात सतत किणकिण असते, तळपायांना मुंग्या येतात आणि कर्वे रस्त्यावरचे हॉर्न अक्षरशः अंगावर येतात. मध्येच चार-पाच दिवस सगळे शांत होते, ‘सुटलो एकदाचा’ असे मी घरी सांगून मोकळा होतो, आणि पुन्हा लाट येते. लक्षणांपेक्षा हा चढउतारच मला अधिक खचवतो.

थायरॉइड व बी-१२ च्या तपासण्या व्यवस्थित आहेत. दुपारनंतरचा चहा सोडला आहे (पुण्यात हे सोपे नाही) आणि सकाळी तळजाईवर चालतो.

ज्यांनी हे भोगले आहे, त्यांना पहाटेच्या त्या दोन तासांत कशाचा उपयोग झाला आणि लाटा साधारण केव्हा विरळ झाल्या? निद्रानाशासाठी सीबीटी (विचार व सवयी बदलण्यावर आधारित उपचार) पद्धतीने काम करणारे समुपदेशक शहरात कसे शोधावेत? कृपया औषधे सुचवू नयेत. तो विषय मी डॉक्टरांशीच बोलेन.