मदत हवी आहे: उद्या संकष्टी, आजी ऐकत नाहीत, केअर प्लॅनही द्यायचा आहे

वॉर्ड_ताई (इंदूर):
मी स्टाफ नर्स, सोबत पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग चालू आहे. माझ्या वॉर्डातल्या एक आजी उपासाच्या दिवशी काही घेत नाहीत. परवा गुरुवारी फार घाबरले. उद्या संकष्टी. कॉलेजच्या मॅडमना केअर प्लॅन (पेशंटच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा) उद्याच हवाय. त्यात नर्सिंगची थिअरी वॉटसनची लिहू की लायनिंगरची? लवकर सांगा, रात्रपाळीला निघायचंय.

निवृत्त_सिस्टर:
अगं, आधी आजार तर सांग! शुगर आहे का? इन्शुलिन चालू आहे का? घाबरलीस म्हणजे नेमकं काय झालं?

वॉर्ड_ताई:
हो, शुगरच. पायाला जखम आहे, पाचवा दिवस. सकाळी मिक्स इन्शुलिन आणि शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी. चार वाजता हात धरला तर घामाने ओला, बांगड्या मनगटाला चिकटलेल्या. ग्लुकोमीटरवर 62.

निवृत्त_सिस्टर:
हे पहिल्या ओळीत हवं होतं. 70 च्या खाली म्हणजे लगेच तीन चमचे साखर पाण्यातून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. उपाशीपोटी ती गोळी आणि नेहमीचा डोस द्यायचा नाही. आत्ताच डॉक्टरांना फोन कर, डोस त्यांनीच लिहून द्यायचा, तू मनाने नाही.

मालवी_सुगरण:
साबुदाण्याची खिचडी अजिबात नको, शुगर भसकन चढते. मोरधन (भगर) द्या, सोबत ताक.

राजवाडा_काका:
मोरधनानेही चढते हो. आणि आजारी माणसाला उपासाची सूट असते, हे आजींना कुणीतरी ठणकावून सांगा.

निवृत्त_सिस्टर:
काका, ठणकावून सांगितलं की पेशंट लपवायला लागतो. माझ्या एका पेशंटने गोळ्या पदराच्या गाठीत बांधून ठेवल्या होत्या. धर्मातली सूट सांगणं हे नर्सचं काम नाही, घरातलं मोठं माणूस सांगेल.

बी_एस्सी_चौथे_वर्ष:
लायनिंगरच लिही. वॉटसनचे दहा कॅरेटिव्ह फॅक्टर, म्हणजे शुश्रूषेचे घटक (1979), नर्स-पेशंटच्या नात्याबद्दल आहेत, तेही चालतील. पण तुझा प्रश्न श्रद्धेचा आहे. लायनिंगर नर्स होत्या, मग मानववंशशास्त्र शिकल्या, न्यू गिनीत गाडसप लोकांत राहून आल्या. त्यांचे तीन मार्ग: पेशंटचं चांगलं ते जपायचं, जमेल तिथे मधला रस्ता काढायचा, घातक असेल ते त्याच्या संमतीने बदलायचं. तुझ्या केसमध्ये तिन्ही बसतात.

सिस्टर_इन_चार्ज_होणार:
एम.पी. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यूअल कुणी ऑनलाइन केलंय का? माझा फोटो अपलोड होत नाही.

निवृत्त_सिस्टर:
त्याला वेगळा धागा काढा. वॉर्ड_ताई, थिअरी राहू दे बाजूला. तू आजींना विचारलंस का, त्यांच्या उपासाला काय चालतं? ‘काही घेत नाहीत’ हे तुझे शब्द आहेत की त्यांचे?

वॉर्ड_ताई:
नाही विचारलं. निर्जळी असेल असं धरून चालले.

वॉर्ड_ताई (रात्री 11.40):
डॉक्टरांशी बोलले. उद्याची गोळी बंद, सकाळचा डोस कमी करून लिहून दिला, दर तीन तासांनी शुगर. मग आजींपाशी बसले. संकष्टी एकतीस वर्षं करतात, मोठ्या मुलाच्या दुखण्यात धरलेली. त्यांना दूध चालतं, फळ चालतं, राजगिरासुद्धा चालतो! परवा दूध परत का पाठवलं विचारलं, तर म्हणाल्या, “बाई, त्याच ट्रॉलीवर उकडलेली अंडी येतात ना गं.” पाच दिवस ट्रॉली मीच ढकलत होते आणि माझ्या लक्षात आलं नाही. मला फार वाईट वाटलं. साखरेचं पाणी लागलं तर घेईन, असंही स्वतःहून कबूल केलं. मुलगा सकाळी घरून थर्मासमध्ये दूध आणणार.

आता एकच अडचण. चंद्र दिसल्याशिवाय जेवणार नाहीत आणि आमच्या वॉर्डाला पूर्वेची खिडकी नाही. उद्याच्या रात्रीच्या सिस्टरसाठी ओव्हरबुकमध्ये (पुढच्या पाळीला सूचना द्यायच्या वहीत) लिहून ठेवलंय: चंद्रोदयाला आजींना व्हीलचेअरवरून जिन्याजवळच्या गॅलरीत न्यावे, पाय खाली लोंबू देऊ नये, ताट तयार ठेवावे.