अनुभव सांगा: घरच्या सगळ्यांना घेऊन दरीत उतरलात तो दिवस

बोरीकाठची
काल दुपारी आमच्या गावात टिपूस नव्हता, कडक ऊन. चारच्या सुमारास कोरड्या नाल्यातून लोंढा आला. पुढे पऱ्हाट्या, प्लास्टिक, कोणाची तरी एक चप्पल. पुलाखाली पोरं खेळत होती, शेजारच्या बाबांनी ओरडून ओरडून वर काढली. सगळी सुखरूप. पण रात्री डोळा लागला नाही आणि २०१९ ची झायनची दरी आठवत राहिली.

भावाने नेलं होतं, अमेरिकेत, युटा राज्यात. मी, हे, सात वर्षांची लेक आणि अडुसष्ट वर्षांची आई. आईचा गुडघा दुखरा, म्हणून भावाने रेंजर, म्हणजे तिथल्या वनरक्षकांबरोबरची पायी फेरी निवडली. शटल बसच्या शेवटच्या थांब्यापासून नदीकाठाने पक्की वाट, जाऊन-येऊन साडेतीन किलोमीटर. दोन्ही बाजूंना लाल कडे, मान मोडेपर्यंत उंच. रेंजर बाईंनी निघताना पहिला प्रश्न विचारला, सगळ्यात हळू कोण चालतं? आणि आईला सगळ्यांच्या पुढे घेतलं, स्वतःच्या शेजारी. मागचे वीसेक जण तिच्या चालीने. मला ते फार लागून राहिलंय, कारण आपल्याकडे म्हातारं माणूस कायम मागे राहतं आणि आपण लांबून "या हो" म्हणत हात करतो.

वाटेत कड्यातून पाणी पाझरत होतं, त्यावर नेचे लटकलेले. बाई म्हणाल्या, हा हजार वर्षांपूर्वीचा पाऊस, दगडातून मुरत मुरत आज बाहेर येतोय. आईने तळवा भिंतीला लावला आणि ओला हात डोळ्यांना. तीर्थ घेतात तसा.

वाट संपते तिथून पुढे काठच नाही. या कड्यापासून त्या कड्यापर्यंत नदीच. तिथे थांबवून बाईंनी सांगितलं, इथे आभाळ निळं असलं तरी लांब वर पाऊस पडला की पाणी येतं. पाणी गढूळ झालं, काटक्या आल्या, वरून घरघर ऐकू आली की लगेच उंच जागा गाठा. भाऊ मराठीत सांगायच्या आधीच, नुसते हात बघून आई अहिराणीत म्हणाली, "वर ऊन शे म्हनीसन नदीवर इसवास ठेवाना नही." भावाने ते सांगितल्यावर बाईंनी विचारलं, तुमच्याकडे आधी काय दिसतं? आई म्हणाली, फेस. आधी फेस, मग कचरा, मग पाणी. लेकीने लहान मुलांसाठीच्या ज्युनिअर रेंजर पुस्तिकेत मराठीतच "फेस" लिहिलं. शपथ घेऊन बिल्ला मिळाला, तो अजून तिच्या कंपासपेटीत आहे.

आपली चाळीसगावजवळची पाटणादेवी असो की परदेश, लिहा सगळ्यांनी.

गिरणेचं_पाणी
फेस!! आमचे आजोबा हेच सांगायचे. मावशींना नमस्कार सांगा.

रावेरची_सून
कुकर लावलाय, पटकन लिहिते. ताई, मावशींनी बिबडे (ज्वारीचे पापड) नेले होते का? माझ्या सासूबाईंनी लेकाकडे जाताना कळण्याचं पीठ नेलं होतं, विमानतळावर पिशवी उघडायला लावली तर त्यांनी भाकरी कशी थापतात ते हातानेच करून दाखवलं. जाऊ दिलं बाई. शिट्टी झाली, येते परत.

भुसावळ_जंक्शन
अमेरिकेतलीच ग्रँड कॅन्यनची दरी, साउथ रिम म्हणजे दक्षिण कडा, २०२२ चा मे. वडील रेल्वेतून रिटायर. आपल्या डोंगरात आधी चढून दमतो, मग उतरतो. तिथे उलटं, आधी उतार. उतरताना कळतच नाही किती आलो. तिथे म्हणतातच, उतरणं तुमच्या मर्जीवर, चढणं चुकत नाही. गाइडचा हिशोब, उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. पंचवीस मिनिटं झाली की वळा म्हणाला. मला अजून खाली जायचं होतं, वडील म्हणाले सिग्नल लाल आहे, गाडी पुढे जाणार नाही. 😄 आणि नुसतं पाणी ढोसू नका, खारट खा, असं तो सारखं सांगत होता. वडिलांच्या खिशात खारे दाणे होतेच. गाइडला पण दिले.

चाळीसगावकर
पाटणादेवीचा वाईट अनुभव लिहितो, राग अजून आहे. केदारकुंडाची सहल, फॅमिली ट्रेक म्हणून पैसे घेतले होते. म्होरक्या तरुण पोरांना घेऊन पुढे निघून गेला. मागे मी, बायको आणि पाच वर्षांचा मुलगा. रात्री पाऊस झालेला, दगडांवर शेवाळ. मुलगा घसरला, हनुवटीला तीन टाके. ओढ्यात पाणी वाढत होतं आणि सांगायला कोणी नाही. गुरं घेऊन आलेल्या एका आजोबांनी हात धरून पलीकडे काढलं. तुमच्या रेंजर बाईंचा तो पहिला प्रश्न वाचला आणि गलबलून आलं. तो प्रश्न कोणी विचारला असता तर.

बोरीकाठची
@चाळीसगावकर अरे देवा. आता कसा आहे मुलगा?

चाळीसगावकर
आता दहावीत आहे ताई. खूण राहिलीय फक्त.

धुळ्याचा_पाहुणा
अँटेलोप कॅन्यनच्या अरुंद घळी बघायला गेलो होतो, अमेरिकेत ॲरिझोनात, नवाहो लोकांच्या जमिनीवर. गाइडशिवाय आत सोडतच नाहीत. त्यांच्या भाषेत वरच्या घळीच्या नावाचा अर्थच "पाणी खडकातून वाहतं ती जागा". आमच्या गाइडने उजेड आणि फोटोआधी १२ ऑगस्ट १९९७ सांगितला. पाऊस लांब पडला होता आणि खालच्या घळीत ११ पर्यटक वाहून गेले. माझ्या मुलीने त्याचं बोट घट्ट धरलं ते बाहेर येईपर्यंत. तो पण काही न बोलता धरून राहिला.

तापीखोरे
भूगोल शिकवतो म्हणून थोडं. झायनचा तो दगड म्हणजे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्या, वाळू दाबून झालेला. म्हणून पाणी पितो. आपला काळा पाषाण साडेसहा कोटींच्या आसपासचा, लाव्ह्याचा. भेगा असतील तिथेच मुरतं, बाकीचं धावत सुटतं. वाघूर नदीने अजिंठ्याला घोड्याच्या नालेसारखा केवढा बाक कोरलाय बघा. मी वर्गाला आधी व्ह्यू पॉइंटवर नेतो आणि नदी दाखवतो, लेणी नंतर. पोरं विचारतात, सर, एवढीशी नदी? मला त्या प्रश्नासाठीच तिथे जायचं असतं.

शहाद्याची_बाई
तोरणमाळ. सीताखाईच्या कडेला आमच्या शाळेच्या ३२ मुली. सोबत गावातला पावरा आदिवासी भाऊ, दादाच म्हणायचो. त्याने ओढणी गाठी मारून एक दोर केला आणि कडेपासून दहा पावलं अलीकडे सगळ्यांना बसवलं. बसून बघा, म्हणाला, उभं राहिलं की दरी ओढते. धुकं फाटलं आणि मुली एकदम गप्प. ३२ मुली गप्प, मी नोकरीत पहिल्यांदा ऐकलं. 🙏

रावेरची_सून
आले. सगळं वाचलं. डोळे भरले, कांदा पण चिरतेय.
बूट कोणते घेता सगळे? सासूबाईंना चप्पलच लागते.

गिरणेचं_पाणी
मागे पट्टा असलेली सँडल घ्या, तळाला खाचा बघून. ओल्या दगडावर नुसती चप्पल नको.

भुसावळ_जंक्शन
श्रावणात पाटणादेवी करू या का सगळे? देवळापर्यंतच. चाळीसगावकर, तुम्ही येणार असाल तर.

चाळीसगावकर
येतो. मुलाला पण आणतो. सोमवार नको, गर्दी असते.

बोरीकाठची
आईला आत्ता सगळं वाचून दाखवलं. ती विचारतेय, पुढे कोण चालणार?

रावेरची_सून
माझ्या सासूबाई आणि मावशी. ठरलं. भाकरी-ठेचा माझ्याकडे.

धुळ्याचा_पाहुणा
भरीत कोणाकडे?