‘डिकॉय’ (1957): तीन भाग दाखवायचे आहेत, प्रत आणि सबटायटलबद्दल मदत हवी

सांजवात:
नमस्कार मंडळी. आमच्या ग्रंथालयाच्या चित्रपट मंडळात ‘टीव्हीवरच्या महिला पोलीस’ असा दीड तासाचा कार्यक्रम ठरतोय. सुरुवात बेव्हर्ली गारलंडच्या ‘डिकॉय’ या अमेरिकन पोलीस मालिकेने करावी आणि शेवट दूरदर्शनच्या ‘उडान’पाशी व्हावा असं मनात आहे. नेटवर प्रती बऱ्याच आहेत, पण कुठे 22 मिनिटं, कुठे 26. काहींमध्ये माणसं बुटकी आणि रुंद दिसतात, हात हलला की आडव्या रेघा उमटतात. प्रेक्षक बहुतेक साठीपुढचे, म्हणून मराठी सबटायटल हवीतच. वेळ वाचवायला शेवटी नायिका कॅमेऱ्याकडे बघून बोलते तो तुकडा कापला तर चालेल का? आणि जाहीर दाखवायला हक्कांची अडचण येईल का?

निशाचर_पुणे:
शेवटचा तुकडा कृपया कापू नका. नायिका केसी जोन्स दर भागात वेगळं सोंग घेऊन वावरते आणि गुन्हेगाराला पकडून देते. पण ज्या बाईला अडकवलं तिच्याबद्दल केसीला काय वाटतं, हे कळायची जागा तीच. ‘ड्रॅगनेट’ ही अमेरिकन पोलीस मालिका 1951 पासून टीव्हीवर होती. तिच्यातला निवेदकाचा कोरडा, नोंदवहीसारखा सूर इथेही आहे, पण केसी त्यात अडकून पडत नाही, आणि ते त्या अर्ध्या मिनिटात दिसतं. वेळ कमी असेल तर तीनऐवजी दोन भाग दाखवा, पण पूर्ण दाखवा.

ती सतत वेशांतरात का, हे आधी पाच मिनिटं सांगाच. न्यूयॉर्क पोलिसांत तेव्हा बायकांचा वेगळा विभाग होता आणि मालिका त्यालाच अर्पण केलेली आहे. गस्त पुरुषांकडे. बायकांकडे खिसेकापू, दुकानातल्या चोऱ्या, हरवलेली मुलं, महिला कैद्यांची झडती आणि साध्या वेशात सापळा लावणं. सार्जंटच्या परीक्षेलाही त्यांना बसू देत नसत. फेलिशिया श्प्रिट्झर 1961 मध्ये त्याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि 1965 मध्ये त्या व गर्ट्रूड शिमेल अशा दोघी पहिल्या महिला सार्जंट झाल्या. म्हणजे केसी कितीही हुशार असली तरी त्या वर्षी तिला बढतीचा रस्ताच नव्हता. हे ठाऊक असलं की पर्समधलं पिस्तूल आणि वरिष्ठांसमोरचं तिचं मोजकं बोलणं वेगळं दिसायला लागतं.

फिरकी_रीळ:
तांत्रिक भाग सांगतो.

22 मिनिटांची प्रत म्हणजे पुनर्प्रक्षेपणात जादा जाहिराती बसवायला कापलेली. 25-26 मिनिटांचीच घ्या. एकूण 39 भाग, पहिला ‘स्ट्रँगलहोल्ड’, 14 ऑक्टोबर 1957 चा. सगळे भाग एकत्र असलेला डीव्हीडी संच फिल्म चेस्टने 2017 मध्ये काढला. अमेरिकन डिस्क मागवताना रीजन, म्हणजे ती कुठल्या भागातल्या प्लेअरसाठी आहे तो आकडा, बघा: तिकडचा 1, आपला 5. ‘सर्व रीजन’ लिहिलेलं नसेल तर साधा प्लेअर ती वाजवणार नाही.

माणसं रुंद दिसतात कारण चित्र 4:3 आहे आणि प्रोजेक्टर ते 16:9 वर ताणतो. प्रोजेक्टर आणि लॅपटॉप दोन्हीकडे आस्पेक्ट (रुंदी-उंचीचं प्रमाण) 4:3 ठेवा. बाजूला काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. रेघांचं कारण निराळं. फिल्म सेकंदाला 24 चौकटींची, अमेरिकन टीव्हीसाठी ती जवळपास 30 वर नेताना काही चौकटी दोन अर्ध्यांतून जोडल्या गेल्या. हँडब्रेक या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी ‘डीटेलेसिन’ (त्या जोडलेल्या चौकटी पुन्हा सुट्या करणारी सोय) चालू करून दोन मिनिटांचा तुकडा काढून बघा. रेघा राहिल्या तरच ‘डीइंटरलेस’ (रेघा पुसणारी सोय) वापरा, कारण ते सरसकट लावलं की चेहरे मऊ पडतात.

सबटायटल जी प्रत दाखवणार त्याच प्रतीवर बसवा. दुसऱ्या प्रतीवरची फाईल पहिल्या कापलेल्या जागेनंतर पुढेमागे होते. सबटायटल एडिट वापरत असाल तर अक्षरमर्यादेच्या लाल खुणांनी घाबरू नका. ते सॉफ्टवेअर प्रत्येक मात्रा आणि हलन्त वेगळा मोजतं, ‘स्त्री’ त्याच्या लेखी 6 अक्षरं. दोन ओळींच्या पुढे जायचं नाही, आणि साठीपुढच्या वाचकाला दोन भरलेल्या ओळींना 5 ते 6 सेकंद द्या. फाईल यूटीएफ-8 या अक्षरसंकेतातच सेव्ह करा, नाहीतर चौकोन दिसतील. पेनड्राईव्ह लावून टीव्हीवर चालवणार असाल तर जोडाक्षरं फुटण्याचा धोका मोठा, तेव्हा हँडब्रेकमध्ये ‘बर्न इन’ करून अक्षरं चित्रातच उतरवा.

कायदेपान:
आपल्याकडे चित्रफितीचा हक्क प्रकाशनानंतरच्या जानेवारीपासून 60 वर्षं. त्यामुळे 1957 चे भाग 2017 अखेर आणि 1958 चे 2018 अखेर मोकळे झाले. संचाचं मुखपृष्ठ किंवा नव्याने जोडलेला मजकूर मात्र कंपनीचा, तो पत्रकावर छापू नका. ‘उडान’ 1989 ची, हक्क अजून शाबूत आहेत. तिच्यासाठी दूरदर्शनकडे लेखी अर्ज करा आणि कार्यक्रमाची तारीख त्यानंतरच जाहीर करा.

निशाचर_पुणे:
पत्रकावर ‘टीव्हीवरची पहिली स्त्री गुप्तहेर’ असं लिहू नका. 1951 मध्ये ड्यूमाँट वाहिनीवर अ‍ॅना मे वाँगची मालिका होऊन गेली होती, पण ती नायिका कलावस्तूंची व्यापारी, पोलीस नव्हे. ‘महिला पोलीस मुख्य भूमिकेत असलेली पहिली अमेरिकन मालिका’ हे बरोबर.

‘डिकॉय’हून थेट ‘उडान’वर उडी मारायची तर मध्ये 1974 ची अँजी डिकिन्सनची ‘पोलीस वूमन’ दोन वाक्यांत सांगा. तिथेही वेशांतर आहेच. ‘उडान’ची कल्याणी सिंह मात्र वर्दीत उभी राहून हुकूम देते. कविता चौधरींनी ती आपली बहीण, आयपीएस अधिकारी कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्यावरून लिहिली. याच कांचन 2004 मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशात त्या पदावरच्या पहिल्या महिला. शिवाय ‘उडान’मध्ये विक्रम गोखले आहेत, त्यामुळे त्या तुकड्यापाशी तुमचे प्रेक्षक बोलते होतील. चर्चेला वीस मिनिटं राखून ठेवा.

सांजवात:
मनापासून आभार. दोन भाग पूर्ण, शेवटच्या तुकड्यासकट, असंच ठरवते. पहिला ‘स्ट्रँगलहोल्ड’ नक्की. पीटर फॉक असलेला भाग दुसरा घ्यावा का? त्याची ‘कोलंबो’ ही गुप्तहेर मालिका पाहिलेले बरेच जण आहेत.

फिरकी_रीळ:
घ्या, पण आधी त्या भागाचा आवाज सभागृहातल्या स्पीकरवर ऐकून बघा. रस्त्यावरच्या चित्रीकरणात गाड्यांच्या घरघरीत संवाद बुडतात. इक्वलायझरवर 100 हर्ट्झच्या खालचं कमी करा आणि 2 ते 3 किलोहर्ट्झ जरासं वाढवा.