डिलिव्हरी सोडून हबचा सुपरवायझर व्हावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. म्हापशाच्या एका कुरियर हबवर मी डिलिव्हरीचं काम करतो, पार्सलमागे पैसे. आता तिथलंच सुपरवायझरपद देऊ केलंय. घ्यावं की नाही, काही केल्या ठरत नाही.

रस्त्यावरचं काम मला मनापासून आवडतं. शिवोली, हणजूण, आसगाव भागात कितीतरी पत्त्यांवर घर नंबरच नसतो, नुसतं 'कपेलाजवळ (म्हणजे छोट्या चर्चजवळ), निळं गेट'. ती घरं मला तोंडपाठ आहेत. पण जून ते सप्टेंबर रेनकोटखाली पार्सलं सांभाळत फिरायचं म्हणजे कंबर धरते. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत गाडी पुढे सरकत नाही. पेट्रोल, टायर, सर्व्हिसिंग सगळं आपल्याच खिशातून.

नव्या जागी पगार २३,००० सांगितलाय. मूळ पगाराच्या १२ टक्के पीएफ कापणार, तेवढाच कंपनी भरणार, हे चांगलंच. पण २१,००० च्या वर पगार म्हणून ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्यविमा) नाही, आणि घरी आईचं औषधपाणी चालू असतं. डिसेंबरच्या सीझनला तर मी याहून जास्त कमावतो.

सॉर्टिंग, रूट वाटणं, रोख रकमेचा हिशेब जमेल. खरी धास्ती वेगळी आहे: ज्यांच्यासोबत रोज चहा घेतो, त्यांनाच 'उशीर का झाला?' असं विचारायचं.

तुमच्यापैकी कुणी असं वर गेलंय का? मित्रांशी संबंध कसे टिकवले? आणि आईसकट आरोग्यविमा, शिवाय नाही जमलं तर परत डिलिव्हरीवर यायची मुभा, हे दोन्ही लेखी मागणं रास्त ठरेल का? सोमवारी उत्तर द्यायचंय.