राउंडअप खटले: ज्युरी भुलली की लेबल गप्प राहिलं?

तणकट: "ग्लायफोसेट निर्दोष आहे, अमेरिकन वकिलांनी ज्युरींना रडवून पैसे काढले." राउंडअप या तणनाशकातल्या ग्लायफोसेटबद्दलचं, कालच्या प्रतिसादातलं हे वाक्य वाचून डोकं फिरलं. शाळेचा माळी जॉन्सन याने राउंडअपची कंपनी मोन्सँटोवर आपल्या कर्करोगासाठी भरलेल्या खटल्यात २०१८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्युरीपुढे फक्त 'कर्करोग कशाने झाला' एवढाच प्रश्न नव्हता. धोक्याची सूचना का दिली नाही, हाही होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयार्कने, २०१५ मध्येच ग्लायफोसेट २ए ('बहुधा कर्करोगकारक') गटात टाकलं होतं. कंपनीच्या अंतर्गत ईमेल्समध्ये शास्त्रीय लेख पडद्याआडून लिहून देण्याच्या गोष्टी होत्या. त्यातला २००० सालचा गाजलेला आढावा २०२५ मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. तरी भुलली ती ज्युरीच?

मोजपट्टी: आयार्क 'कर्करोग होऊ शकतो का' हे बघते, 'किती संपर्काने किती धोका' हे नाही. त्याच २ए गटात लाल मांस आहे. ५४,२५१ फवारणी करणाऱ्यांच्या अमेरिकन पाहणीत (२०१८) ग्लायफोसेट आणि नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा (जॉन्सनला झालेला लसिका-कर्करोग) ठोस संबंध दिसला नाही. आणि सूचना छापायची कशी? २०१९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेच (ईपीए) सांगितलं की कर्करोगाचा इशारा असलेलं लेबल मंजूर करणार नाही.

तणकट: २०१९ च्याच एकत्रित विश्लेषणात सर्वाधिक संपर्कातल्या गटाचा धोका ४१ टक्के जास्त निघाला. तो सोयीस्कर विसरलात.

मोजपट्टी: त्यात तीच मोठी पाहणी जुन्या, छोट्या, आठवणीवर बेतलेल्या अभ्यासांसोबत एका माळेत ओवली आहे.

नोझल_बंद: दोघंही 'ग्लायफोसेट' म्हणताय, अंगावर पडतं ते मिश्रण. त्यातलं पीओईए हे चिकटद्रव्य युरोपने २०१६ मध्ये ग्लायफोसेट उत्पादनांतून हद्दपार केलं. खरा संपर्क होतो दाट औषध ओतताना: कॅनमध्ये ४१ टक्के, टाकीत एक-दोन टक्के. मापं कमरेखाली धरा, नायट्राइल हातमोजे घाला, काढण्याआधी बाहेरून धुवा. चामड्याचे नकोच, ते औषध शोषतात आणि कातडीशी धरून ठेवतात. पाठीवरच्या पंपाच्या झाकणाचा वॉशर झिजला की प्रत्येक वाकण्याला औषध पाठीवर, आणि भिजलेला सुती शर्ट ते तासन्‌तास दाबून ठेवतो. नोझल तुंबलं तर मऊ ब्रश. तोंडाने फुंकणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

मोजपट्टी: धागा कर्करोगाचा आहे की वॉशरचा?

नोझल_बंद: वॉशरचाच! अमेरिकेतल्या अनेक व्यावसायिक लेबलांवर लांब बाह्यांचा शर्ट, पँट, बूट-मोजे एवढंच. हातमोज्यांचा पत्ता नाही.

तणकट: जॉन्सनने टायवेकचा संरक्षक सूट घातला होता. यंत्राची नळी निखळली आणि तो औषधाने न्हाला. घ्या, आता सूटलाही दोष द्या.

नोझल_बंद: देतोच. टायवेक उडते थेंब अडवतो. दाबाखालची धार शिवणीतून, झिपमधून आत जाते. अशा वेळी सगळं उतरवून लगेच साबण-पाणी. ही सूचना तरी ठळक हवी होती.

मोजपट्टी: बरं, लेबल तोकडं होतं. झालं समाधान? पण रक्कम बघा. जॉन्सनचे २८.९ कोटी डॉलर आधी ७.८५ कोटी, मग अपिलात २.०५ कोटी. अशाच दुसऱ्या खटल्यातल्या पिलिऑड दांपत्याचे २०० कोटींवरून ८.७ कोटी. ज्युरीचा आकडा म्हणजे रागाचा पारा, पुराव्याचं वजन नव्हे.

तणकट: बहुतांश कपात दंडाच्या रकमेतली. पिलिऑडमध्ये दंड भरपाईच्या कितीतरी पट होता, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या निकालानुसार हे गुणोत्तर सहसा एक अंकी हवं. कंपनीची जबाबदारी दोन्ही अपिलांत कायम राहिली, हे वाक्य तुमच्या हिशोबात गळलं.

मोजपट्टी: गळलं नाही, खटकतं.

नोझल_बंद: भांडा खुशाल. मोन्सँटो विकत घेतलेल्या बायरने २०२३ पासून अमेरिकेतल्या घरगुती बाटल्यांतून ग्लायफोसेट काढायला घेतलं, आणि काही नव्या मिश्रणांत डायक्वॅट हे दुसरं तणनाशक आहे. पोटात गेलं तर ते ग्लायफोसेटपेक्षा कितीतरी जहाल. त्या बाटलीचं लेबल कोणी वाचलंय का?

मोजपट्टी: झालं, हा आता डायक्वॅटवर घसरला.